‘चांगली’ म्हणजे चारपैकी किती?

वराळे,
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय ओव्हाळ सर,
सा. न. वि. वि.

मी चंद्रिका गराडे. तुम्ही रिटायर व्हायच्या आधीची शेवटची एम.एस्सी. फिजिक्सची बॅच, तिसरा बाक. “गराडेबाई, तोंड मिटा आणि वही उघडा” हे वाक्य तुम्ही जिला वर्षभर ऐकवलंत, ती मीच. लोकलने लोणावळा आणि पुढे रिक्षा केली की तासाभरात खंडाळ्याला तुमच्या दारात उभी राहिले असते. पण तुमच्यासमोर उभी राहिले की माझी बोबडी वळते, आणि मोबाईल तुम्ही ठेवत नाही. कागदावर मात्र मी शूर आहे.

तर सर, दरडी का कोसळतात याचा अभ्यास करायला मला अमेरिकेला जायचंय. आपल्या घाटासारख्या काळ्या खडकावर, धुवांधार पावसात काम करणाऱ्या एक बाई तिथल्या एका विद्यापीठात आहेत. मला त्यांच्याकडेच जायचंय. पप्पांनी एकच अर्ज करायची परवानगी दिली आहे. “एक अर्ज कर. झालं तर जा, नाही झालं तर गपगुमान माझ्या कंपनीत क्वालिटीला लाग,” असं ते म्हणाले. त्यांच्या कंपनीत क्वालिटीवाले दिवसभर वॉशर मोजतात. मी वॉशर मोजणार नाही, सर. मरेन, पण वॉशर मोजणार नाही.

घोडं पेंड खातंय ते जीपीएपाशी. विद्यापीठ म्हणतं, चारपैकी किमान तीन हवा. माझा दहापैकी ७.०८ आहे. लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानावरच्या मजल्यावर विहंग नावाचा परदेशी शिक्षणाचा सल्लागार बसतो. (स्वतः तो पुण्याच्या पुढे गेलेला नाही.) त्याने कॅल्क्युलेटर काढला, ७.०८ ला चाराने गुणलं, दहाने भागलं आणि उत्तर आलं २.८३. “सॉरी मॅडम, बसत नाही,” म्हणाला. घरी येऊन सांगितलं तर भामाआजी म्हणते, “चारातलं दोन आन् वर काय त्ये पॉइंट... आगं, पास का नापास तेवढं सांग की! पॉइंट गेलं चुलीत.”

म्हणून विचारते. मी खरंच २.८३ आहे का? आणि तुम्ही मला शिफारसपत्र द्याल का? रिटायर झाल्यावरही माझ्या प्रोजेक्टला तुम्हीच मार्गदर्शक होता, म्हणून हिंमत करते आहे.

आपली विद्यार्थिनी,
चंद्रिका

*

खंडाळा,
११ ऑक्टोबर २०२५

चंद्रिका,
सप्रेम जय भीम.

त्या विहंगला म्हणावं, एक मजला खाली उतर आणि चिक्की तोलायला बस. तिथे सरळ गुणाकार चालतो.

आपल्याकडे साठ टक्के पडले की फर्स्ट क्लास म्हणतात आणि पेढे वाटतात. तिकडे साठ पडले तर मास्तर पोराला बाजूला घेऊन विचारतो, बाळा, घरी सगळं ठीक आहे ना? दोन्ही साठच. म्हणून त्यांचे चार आणि आपले दहा एका दोरीने मोजता येत नाहीत. आपल्याकडे वरचे आकडे कुणी वापरतच नाही, ते देवाला राखून ठेवलेले असतात. हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या मोजणीत तुझे ७.०८ तीनच्या बरेच वर जातील.

आता जीपीए म्हणजे काय ते एकदाच सांगतो. प्रत्येक पेपराच्या श्रेणीला ठरलेले गुण असतात. त्यांना त्या पेपराच्या क्रेडिटने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. म्हणजे चार क्रेडिटचा पेपर दोन क्रेडिटच्या पेपरापेक्षा दुप्पट छळतो. संपलं. यासाठी सल्लागार लागत नाही, पाचवीतला भागाकार पुरतो.

विद्यापीठाच्या साईटवर सूचना असतील. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना तू कधी वाचल्या नाहीस, या तरी वाच.

शिफारसपत्र देईन. मी खोटं लिहीत नाही, हे लक्षात ठेवून मागितलं असशील तर फॉर्म प्रज्ञेशच्या ईमेलवर पाठव. माझा मुलगा रेल्वेत सिग्नलला आहे, त्याच्या क्वार्टरमध्येच मी राहतो. तो टाईप करील, मी सांगेन.

रखमाजी ओव्हाळ

*

वराळे,
२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

सूचना वाचल्या! तिथे ठळक अक्षरांत लिहिलंय की आकडा आपल्या मूळ मोजपट्टीवरच भरा, स्वतः रूपांतर करू नका, ते आम्ही करू. मी ७.०८, दहापैकी, असं भरलं आणि विहंगला जाऊन दाखवलं. त्याचा चेहरा असा पडला की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. गेल्या दोन वर्षांत त्याने चौदा मुलांचे आकडे चाराने गुणून भरलेत. “मॅडम, हे कुणाला बोलू नका,” म्हणाला. म्हणून फक्त तुम्हाला, पप्पांना, आजीला आणि बेगडेवाडी स्टेशनवर भेटलेल्या दोन मैत्रिणींना सांगितलं.

आता एक गंमत. तुमच्या सांगण्याप्रमाणे मी क्रेडिटचा हिशोब मांडून बसले. एकूण क्रेडिट ऐंशी. त्यात तुमचे दोन पेपर, प्रत्येकी चार क्रेडिट. एकात ५१, दुसऱ्यात ५३, आणि तेही वर्गात सगळ्यांत जास्त! तेवढे दोन काढून टाकले तर मी ७.०८ वरून ७.१९ वर जाते. म्हणजे सर, दोन वर्षं जिवाचं रान करून मी जे कमावलं त्याला सगळ्यांत मोठं भोक तुम्ही पाडलंय. रागावू नका. दोन मार्क वाढवून दिले असते तर खंडाळ्याचा डोंगर खाली आला नसता, एवढंच म्हणते.

फॉर्म प्रज्ञेशदादांकडे पाठवला आहे. शेवटची तारीख १ डिसेंबर. सर, बाकी सगळं झालंय, आता तुमच्या पत्रावरच आहे.

चंद्रिका

*

खंडाळा,
१५ नोव्हेंबर २०२५

चंद्रिका,
सप्रेम जय भीम.

काम झालं. काल प्रज्ञेशने फॉर्म भरून पाठवला.

पत्रात मी असं लिहिलं: “चंद्रिका गराडे हिला मी दोन पेपर शिकवले. तिचं गणित चुकलं तर चूक ती स्वतः शोधते. प्रोजेक्टसाठी तिने ऐन पावसाळ्यात घाटात एकोणीस दिवस मोजमापं घेतली, आणि ज्या दिवशी यंत्र बंद पडलं त्या दिवसाची जागा वहीत कोरी सोडली, आकडे बनवले नाहीत.” जास्त पाल्हाळ लावलं नाही.

खाली एक तक्ता होता. विद्यार्थिनी कशी आहे, पाचपैकी एका चौकटीत खूण करा. अद्वितीय, उत्कृष्ट, अतिउत्तम, चांगली, सामान्य. प्रज्ञेश म्हणाला, बाबा, उत्कृष्टवर करू का? मी म्हटलं, हात मागे घे. ‘चांगली’वर खूण केली. चंद्रिका, एकतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी मोजून सात जणांना वापरला आहे. तू सातवी. हे तुला सांगणार नव्हतो, डोक्यात हवा जाईल म्हणून, पण आता काय, मी रिटायर झालो.

आणि ते दोन मार्क. वाढवून दिले असते तर ते तुझे नसते, माझे असते. असल्या मार्कांचं लोणचं घालायचंय का?

रखमाजी ओव्हाळ

*

वराळे,
१८ नोव्हेंबर २०२५

सर,

पत्र सकाळी मिळालं. घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

‘चांगली’ ही शेवटून दुसरी चौकट आहे! तिकडे जो पोरगा वर्गात वेळेवर येऊन खुर्चीत बसतो त्यालाही मास्तर ‘उत्कृष्ट’ म्हणतात. विहंगला विचारलं. त्यानेसुद्धा डोक्याला हात लावला, आणि हे त्याला नक्की माहीत आहे. तो म्हणाला, “मॅडम, ‘चांगली’ म्हणजे ते लोक समजतात की सरांना नाही म्हणायचंय, पण लाज वाटतेय.” फॉर्म एकदा पाठवला की बदलता येत नाही. माझा एकच अर्ज होता, सर. एकच! आणि तो माझ्या गणिताने नाही, इंग्रजीने नाही, माझ्या मास्तरांच्या प्रामाणिकपणाने बुडाला.

तुम्हीच मला लिहिलंत ना, की त्यांचे चार आणि आपले दहा एका दोरीने मोजता येत नाहीत म्हणून? मग तुमचं ‘चांगली’ आणि त्यांचं ‘चांगली’ एकच आहे असं तुम्हाला कसं वाटलं? विहंगने मला एकदा गुणून भागलं. तुम्ही तेच केलंत, फक्त कॅल्क्युलेटर नव्हता.

माझं तोंड सुटलंय, तर हेही विचारते. एकतीस वर्षांत तुमच्या या काटेकोरपणात किती पोरं बुडाली, ते कधी मोजलंत का?

पप्पा सोमवारी कंपनीत बोलणार आहेत.

तुमची चांगली विद्यार्थिनी,
चंद्रिका

*

खंडाळा,
२६ नोव्हेंबर २०२५

चंद्रिका,

तू उद्धट आहेस. या वेळी तो हक्क तुला होता.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मग प्रज्ञेशला वाचायला दिलं. तो म्हणाला, “बाबा, मी तेव्हाच सांगत होतो.” या घरात हे वाक्य ऐकायची मला सवय नाही. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मी असा काटेकोर का, ते सांगतो. माझे वडील घाटात रेल्वेचे गँगमन होते. मी बी.एस्सी.ला फर्स्ट क्लासमध्ये आलो तेव्हा त्यांनी पेढे वाटले. लोकांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “यांना काय, सवलतीत मिळतं.” चंद्रिका, त्यातला एक मार्कही उसना नव्हता. वडील हसले आणि डबा घेऊन पुढच्या घरी गेले. मला मात्र ते कायमचं लागलं. त्या दिवशी ठरवलं की माझ्या हातून जाणाऱ्या मार्काला कुणी फुकटचा म्हणता कामा नये. माझ्याकडचे एक्कावन्न म्हणजे एक्कावन्न, कुणाच्या बापाला बोट दाखवायला जागा नको. पण तो मार्क इथून बाहेर गेला की त्याच्याबरोबर मी जात नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. वाचणाऱ्याला काय ठाऊक, ओव्हाळ नावाचा कंजूष माणूस कोण ते?

म्हणून ते सांगायला बसलो. मी प्रत्येक वर्षाची वही ठेवली आहे, नाव, मार्क, शेवटचा निकाल. प्रज्ञेशने रजा टाकली आणि आम्ही दोघांनी सगळं मोजलं. काल विद्यापीठाच्या त्या विभागाला ईमेल गेला. त्यातला मजकूर असा:

“मी भरलेली चौकट मी बदलायला सांगत नाही. ती माझ्या मोजपट्टीवर बरोबर आहे. मोजपट्टी कळवायची राहिली, ती कळवतो. एकतीस वर्षांत मी १७४२ विद्यार्थी तपासले. माझ्या पेपरात सरासरी गुण शंभरपैकी ४१. पन्नासच्या वर गेलेले ६४ जण. चंद्रिका गराडे दोन्ही पेपरांत पन्नासच्या वर आणि दोन्ही वेळा वर्गात पहिली. ‘चांगली’ हा शब्द मी सात जणांना वापरला आहे. त्याच्या वरचा शब्द अजून कुणाला वापरलेला नाही. यावरून तुमच्या तक्त्यात कुठे खूण करायची ते तुम्ही ठरवा. चूक विद्यार्थिनीची नाही, माझी आहे.”

खाली वर्षवार तक्ता जोडला. ते वाचतील की केराच्या टोपलीत टाकतील, मला माहीत नाही. तुझ्या पप्पांना, सुहासरावांना, माझा निरोप सांग, मार्चपर्यंत त्या वॉशरना हात लावायला लावू नका.

रखमाजी ओव्हाळ

*

वराळे,
११ मार्च २०२६

आदरणीय सर,

झालं!!! पत्र आलं. त्या बाईंच्याच हाताखाली, आणि शिकवण्याचं कामही देतायत, म्हणजे तिथे मीच कुणाला तरी म्हणणार, तोंड मिटा आणि वही उघडा.

पप्पांनी पत्र दोनदा वाचलं. मग गॅलरीत जाऊन कंपनीतल्या सगळ्यांना फोन करत सुटले. रविवारी चौकात माझा फ्लेक्स लावतायत. त्यावर जीपीए टाकायचा म्हणून हट्ट धरून बसलेत. विद्यापीठाच्या कार्यालयाने स्वतः मोजून चारपैकी ३.४१ काढलाय, पण पप्पांचं म्हणणं, चारपैकी असं लिहिलं तर लोक विचारतील उरलेले कुठं गेले. आजी म्हणते, “निस्तं पास ल्हिवा. मोठ्या अक्षरात.”

आता तुमचं सांगते. जानेवारीत बाईंनी माझी ऑनलाईन मुलाखत घेतली तेव्हा पहिला प्रश्न दरडींवर नव्हताच. त्या म्हणाल्या, तुमचे सर खरंच असे आहेत का? मी म्हटलं, याहून वाईट आहेत. तुमचा तक्ता त्यांच्या समितीत सगळ्यांनी पाहिला. एक जण म्हणाला, हा माणूस क्रूर आहे. बाई म्हणाल्या, आमच्याकडे शेकडो पत्रं येतात आणि सगळेच अद्वितीय असतात, त्यामुळे कुणाचंच काही कळत नाही. या एका मुलीचं मात्र पक्कं कळलं. आणि यंत्र बंद पडलं त्या दिवसाची कोरी जागा त्यांना फार आवडली. म्हणजे सर, बुडवलंही तुम्हीच आणि काढलंही तुम्हीच.

नोव्हेंबरात मी जे लिहिलं ते रागात लिहिलं. बाकी मागे घेत नाही, कारण ते खरं होतं. पण किती पोरं बुडवलीत असं जे विचारलं ते मागे घेते. तुमच्या वडिलांचं वाचल्यावर मी रात्री रडले. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

ऑगस्टमध्ये जाईन. त्याआधी घरी येऊन पाया पडते, बोबडी वळली तरी चालेल.

तुमची,
चंद्रिका

*

खंडाळा,
२३ मार्च २०२६

चंद्रिका,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. एवढा की प्रज्ञेशने विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का?

पण तो प्रश्न मागे घेऊ नकोस. मी मोजले.

वह्या बाहेर काढलेल्याच होत्या, परत कपाटात जाईनात. प्रत्येकाच्या नावापुढे शेवटचा निकाल आहे, हे तुला लिहिलंच होतं. मी फक्त एवढंच पाहिलं की फर्स्ट क्लास एका मार्काने हुकलेले किती. अकरा निघाले. तुझ्या आधीच्या काळात जीपीए नव्हता, सरळ टोटल असायची, आणि वीस मार्क कॉलेजच्या हातात, म्हणजे माझ्या हातात. या अकरा जणांना मी वीसपैकी दहा, अकरा, बारा दिले आहेत. बाकीचे मास्तर वीसपैकी अठरा सहज द्यायचे, हे मला तेव्हाही माहीत होतं. अकरातला एकही कधी शिफारसपत्र मागायला आला नाही. कसा येईल? फर्स्ट क्लास नसेल तर पुढचं दारच बंद.

त्यातला एक माझ्या रोजच्या बघण्यातला आहे. बाजीराव, १९९८ ची बॅच. इथे खंडाळ्यात पर्यटकांना पॉइंट दाखवायची गाडी चालवतो. अठ्ठावीस वर्षं मी त्याला रस्त्यात बघतो, तो “नमस्ते सर” म्हणतो, मी मान हलवतो. काल त्याच्या गाडीपाशी गेलो. म्हटलं, बाजीराव, तुझा फर्स्ट क्लास किती मार्कांनी गेला, आठवतं का? तो हसला.

“येक मार्क व्हता, सर. इसरंल कसा?”

मी विचारलं, तेव्हा भांडायला का आला नाहीस?

“आलतो की. दोनदा दारापातूर आलतो. तुमी आत पेपर तपाशीत बसलेलं. म्हनलं, ह्यो मानूस द्यायचा न्हाई, उगा कशाला.” मग म्हणाला, “पन सर, तुमी शिकिवल्यालं अजून ध्येनात हाय. ब्रेक मारला का गाडी किती फुटावर थांबंल, त्ये मी पावसात बी बरुबर सांगतो. अजून कुटं धडाकलो न्हाई.”

चंद्रिका, तो दारापर्यंत दोनदा आला होता आणि मी मान वर करून बघितलं नव्हतं. वडिलांचा अपमान झाला म्हणून मी जो हिशोब मांडला होता, तो या पोराकडून वसूल केला, ज्याने माझा कसला अपमान केला नव्हता. मी त्याला म्हटलं, बाजीराव, माझं चुकलं. तुला तो मार्क द्यायला हवा होता.

त्याने घाईघाईने खिशातून मोबाईल काढला. “सर, वाईच थांबा. बायकूला फोन लावतो. तिला खरं वाटायचं न्हाई, परत येकदा म्हना.”

मी परत म्हणालो. जरा मोठ्याने म्हणावं लागलं, त्याने फोन स्पीकरवर टाकला होता.

रखमाजी ओव्हाळ